कार्बोरेटरच्या वतीने

जुन्या मोटारसायकलीला काहीही झाले, म्हणजे ती सकाळी किकेला दाद देईनाशी झाली, चढावर दम टाकू लागली, उतारावर सायलेन्सरमधून बार काढू लागली किंवा भर चौकात बंद पडून मालकाची अब्रू चव्हाट्यावर मांडू लागली, तरी पहिली धरपकड कार्बोरेटरची व्हावयाची, ही वहिवाट आपल्याकडे इतकी जुनी, इतकी सर्वमान्य आणि इतकी बिनतक्रार चालत आलेली आहे की, तिच्याविरुद्ध ब्र काढणारा मनुष्य यंत्रशास्त्राचा नव्हे, तर लोकाचाराचाच द्रोही ठरावा. तो धोका पत्करून मी या मूक, निरपराध आणि वारंवार नागवल्या गेलेल्या अवयवाचे वकीलपत्र येथे दाखल करीत आहे. माझ्या अशिलाचे म्हणणे थोडक्यात असे की, त्याच्यावर ठेवलेल्या बहुतेक आरोपांचा खरा कर्ता इंजिनाच्या उजव्या अंगास, एका झाकणाखाली सुखाने नांदत असून त्याचे नाव इग्निशनचे टायमिंग असे आहे.

अशिलाची एवढी बदनामी का होते, हे पाहावयास फार दूर जावे लागत नाही. एक तर तो उघड्यावर राहतो. दोन नट सैल केले की तो हातात येतो, वाटी सोडवली की तळाशी चिमूटभर गाळ, टाकीतल्या गंजाचे दोनचार कण आणि एखादा पाण्याचा थेंब हटकून सापडतो, आणि तो गाळ फडक्यावर घेऊन जमलेल्या मंडळींपुढून फिरवताही येतो. मुद्देमाल असा डोळ्यांदेखत जप्त झाला म्हणजे पुढची चौकशी करण्याची इच्छा कोणालाच राहत नाही. वास्तविक तो गाळ काल होता, परवा होता, गाडी उत्तम चालत असतानाही होता. परंतु गाडी उत्तम चालत असताना वाटी उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही, त्यामुळे त्या गाळाच्या जुन्या वास्तव्याची नोंद कोणत्याच दप्तरी नसते. टायमिंगचे तसे नाही. टायमिंग ही वस्तूच नव्हे. पिस्टन कोठे आहे आणि ठिणगी केव्हा पडते, या दोहोंमधला तो केवळ एक संबंध आहे, आणि बिघडलेला संबंध फडक्यावर घेऊन चार लोकांना दाखवता येत नाही.

येथे मोटारसायकल म्हणजे कोणती, याचा खुलासा करणे इष्ट होईल. आजकाल ज्या गाड्या बटणावर सुरू होतात आणि ज्यांची ठिणगी एका काळ्या पेटीतला अदृश्य कारभारी ठरवतो, त्यांच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. मला अभिप्रेत आहे ती जुनी, ओतीव लोखंडी सिलिंडरची, पॉइंटवर चालणारी ३५० सीसीची बुलेट. मुळात ही विलायतेतल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासेस एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि पुढे मूळ विलायती घराण्याचा दिवा मालवला, तरी दत्तक गेलेल्या शाखेने वंश चालू ठेवला. ७० मिलिमीटर व्यासाचे बोअर, ९० मिलिमीटरांची पिस्टनची धाव आणि ३४६ घनसेंटिमीटरांचे एकच एक सिलिंडर, हा तिचा एकंदर ऐवज. गियर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी, हेडलाइटच्या कवचावर एक लहानसा अँपिअर मीटर आणि हँडलवर दाब सोडण्याची एक चिमुकली कळ. फौजदार, साखर कारखान्याचे संचालक, गावचे पाटील आणि सुटीवर आलेले सुभेदार यांच्या मांडीखाली जिने उभा महाराष्ट्र पालथा घातला, ती ही गाडी. तिच्या ‘डुगडुग’ आवाजावर माणसे माणसावर करीत नाहीत इतके प्रेम करतात. या प्रेमाने टायमिंगचे जे वाटोळे केले आहे त्याचा समाचार पुढे यथावकाश येईलच.

ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचे मिश्रण तत्क्षणी भडकते, असा सार्वत्रिक समज आहे आणि सार्वत्रिक समजांची जी गत असावयाची तीच त्याची आहे. ज्योत प्लगपाशी जन्मते आणि तेथून सिलिंडरभर पसरावयास तिला वेळ लागतो. तो वेळ सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम दोनतीन भाग असेल, पण मिनिटाला ३००० फेरे घेणारे इंजिन एक संपूर्ण फेरा अशाच वीस भागांत उरकते. म्हणजे ज्योत आपले दोन भाग खर्च करून सिंहासनावर बसेपर्यंत क्रँक ३६ अंश फिरून गेलेली असते. तेव्हा पिस्टन शिरोबिंदूस पोचून नुकता खाली वळत असताना त्याच्या डोक्यावर पुरा दाब बसावा, अशी इच्छा असेल, तर ठिणगी तो वर चढत असतानाच, आगाऊ, पाडली पाहिजे. उलट किक मारताना इंजिन अगदी सावकाश फिरत असते. तेव्हा इतक्या आगाऊ ठिणगी पाडली तर पिस्टन शिरोबिंदूस पोचण्यापूर्वीच त्याला धक्का बसून तो आल्या वाटेने परत फिरतो. म्हणून सुरू होताना थोडी आगाऊ, धावताना बरीच आगाऊ, असा हा दुहेरी शिरस्ता आहे. फार जुन्या विलायती गाड्यांत हे काम स्वाराकडेच सोपवलेले असे: हँडलवरची एक कळ मागे ओढून गाडी सुरू करावयाची आणि वेग आला की तीच पुढे सारावयाची. पुढे माणसाच्या विवेकावरचा विश्वास उडाला आणि ते काम दोन लहान वजने आणि दोन स्प्रिंगा यांच्या हवाली झाले. इंजिन फिरू लागले की वजने बाहेर फाकतात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकते.

आणि ठिणगी पाडतो कोण? तर पॉइंट. दोन बारीक टिकल्या. मिटलेल्या असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो, उघडल्या की तो तुटतो, आणि तुटण्याच्या त्या धक्क्यानेच सहा किंवा बारा व्होल्टांचा गरीब प्रवाह कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा होऊन प्लगच्या टोकाशी उडी मारतो. ही योजना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची, आणि ती प्रथम १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसली. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. हे एवढे वाक्य ज्याला उमगले त्याने टायमिंगची निम्मी वतनदारी मिळवली असे समजावे. न उमगलेले मेस्त्री मात्र मला भेटले आहेत आणि त्यांच्या दुकानापुढे गर्दीही भरपूर असते.

आमच्या आळीत एक निवृत्त तलाठी राहतात. सर्व लोक त्यांना भाऊसाहेब म्हणतात आणि ते सर्व लोकांना त्यांच्या बापजाद्यांच्या गट नंबरांनिशी ओळखतात. त्यांनी नोकरीच्या अखेरच्या काळात सरकारी लिलावात एक बुलेट घेतली आणि निवृत्तीनंतर सात-बाराच्या जागी तिचा अभिलेख ठेवण्यास प्रारंभ केला. मागल्या पावसाळ्याच्या सुमारास ही गाडी खंबाटकी घाटात, पुण्याहून साताऱ्यास जाताना, अशी काही तापली की सिलिंडरजवळ सायलेन्सरच्या नळीने निळा-जांभळा रंग धारण केला आणि भाऊसाहेबांना उतरून सावलीत बसावे लागले. पुढील रविवारी त्यांच्या अंगणात जो पंचनामा झाला, त्यास मी साक्षीदार म्हणून हजर होतो.

मेस्त्री आले, त्यांनी गाडीकडे एकवार पाहिले आणि अर्थातच पाना घेऊन कार्बोरेटरला हात घातला.

“थांबा मेस्त्री,” भाऊसाहेब म्हणाले, “तो मागच्या महिन्यात दोनदा उघडला आहे. काय सापडले?”

“कचरा होता की भाऊसाहेब.”

“आणि काढल्यावर गाडी सुधारली?”

“थोडी सुधारली होती,” मेस्त्री म्हणाले, “मग परत कचरा आला असेल.”

या युक्तिवादाला कोणत्याही न्यायासनापुढे उत्तर नाही. परंतु भाऊसाहेबांनी चाळीस वर्षे बांधांचे तंटे मिटवले होते आणि शेतकऱ्याने एका बांधाची तक्रार केली तर भांडण दुसऱ्याच बांधावर असते, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी पॉइंटच्या डबीचे झाकण काढावयास लावले. आत पाहिले तर टिकल्यांवर एकीकडे खळगा, दुसरीकडे उंचवटा, आणि त्यांमधली फट इतकी क्षीण की डोळ्यांना ती उघडते की नाही, याचीच शंका यावी. नियमाने ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. पॉइंटची एक टाच असते, फायबरची. ती कॅमवर घासत घासत झिजते, टाच झिजली की फट कमी होते आणि फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी मागे पडते. गाडी कोणी हात न लावता, नुसती वापरून, हळूहळू उशिरावर जाते. टाचेला ग्रीसचे एक बोट नियमाने लावले तर हे अनेक महिने टळते. जास्त लावले तर तेच ग्रीस उडून टिकल्यांवर बसते आणि निराळाच अर्ज दाखल होतो.

येथे पहिली आणि सर्वांत लोकप्रिय चूक होते. मेस्त्री प्रथम टायमिंग लावतो, ते कसोशीने लावतो, त्यासाठी सर्वांना दूर उभे राहावयास सांगतो, आणि मग समाधानाने कपाळावरचा घाम पुसून म्हणतो, “आता जरा पॉइंटची गॅप मारून घेऊ.” गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात. म्हणजे नुकतेच प्रतिष्ठापना झालेले टायमिंग गॅपबरोबर पुढे सरकते. मग गाडी किकेला उलटा मार देते, ती का देते म्हणून पुन्हा टायमिंग मागे घेतले जाते, मग चाचणीत पिकअप मिळत नाही म्हणून कोणी तरी पुन्हा गॅप पाहतो. हे दोन कारकून एकमेकांच्या शेऱ्यावर शेरे मारीत राहतात आणि फाईल संध्याकाळपर्यंत हलत नाही. आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम इतका साधा आहे की तो कोणी पाळत नाही.

भाऊसाहेबांनी पाळला. गॅप फिलर गेजने बसवली. त्याआधी टिकल्यांवर पॉलिशपेपर फिरवून पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसून काढले, कारण पॉलिशपेपरची भुकटी आत राहिली तर पॉइंट मिटतात आणि तरीही मिटत नाहीत. मग प्रश्न आला शिरोबिंदूचा, आणि येथे अंगणातली सभा खऱ्या अर्थाने रंगली.

या चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन एका चक्रात दोन वेळा माथ्यावर येतो: एकदा मिश्रण दाबून, एकदा जळलेला धूर बाहेर ढकलून. ठिणगी पाहिजे ती पहिल्या खेपेस. दुसऱ्या खेपेचा माथा धरून टायमिंग लावले तर ठिणगी एक्झॉस्टच्या वेळी पडते आणि गाडी सुरू होत नाही. मात्र हे लक्षात येण्यापूर्वी माणूस प्लग बदलतो, कॉइल बदलतो, बॅटरी बदलतो आणि शेवटी, आपली खात्री असेलच, कार्बोरेटर उघडतो. खेप ओळखण्याचे दोन मार्ग. प्लग काढून त्या छिद्रावर अंगठा धरावा; हवा अंगठ्याला उचलू लागली की ती दाबाची खेप. किंवा उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण काढावे आणि आतल्या दोन उभ्या सळ्या बोटांत धरून फिरवून पाहाव्यात. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असले की दोन्ही सळ्या तेलकट चिमटीत अलगद, जराही न अडता गरगर फिरतात. ही क्रिया मी स्वतः केली आहे, आणि यंत्र मनुष्याशी इतक्या मोकळेपणाने क्वचितच बोलते, असे माझे मत आहे.

शिरोबिंदू सापडला असे सर्वांना वाटले. मेस्त्रींनी प्लगच्या छिद्रातून सायकलीची तार आत सोडली होती, ती वर येऊन थबकली, आणि समोरच्या किराणा दुकानदाराने “बस, बस, इथंच!” असा हुकूम सोडला. परंतु शिरोबिंदू ही मोठी ढोंगी जागा आहे. नव्वद मिलिमीटरांची झेप घेणारा पिस्टन माथ्याजवळ आला की सरकारी कार्यालयातल्या वेगाने चालू लागतो. माथ्याच्या अलीकडे पाच अंश आणि पलीकडे पाच अंश, एवढ्या सबंध पट्ट्यात तो पाव मिलिमीटरही हलत नाही. त्यात बुलेटचा प्लग तिरपा बसतो, त्यामुळे तारही तिरपी उतरते आणि आपली तिरकी साक्ष देते. म्हणजे ‘इथंच’ असे ज्याला आपण म्हणतो ती जागा दहा अंशांची जहागीर असून तिचा मध्य कोठे आहे हे तारेला ठाऊक नसते. आणि येथे मागावयाचे तरी किती? वजने मिटलेली असताना पॉइंट माथ्याच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे उघडले पाहिजेत. क्रँकच्या हिशेबाने सुमारे दहा अंश. म्हणजे जेवढे मोजावयाचे, तेवढीच मोजणीत चूक.

यावर भाऊसाहेबांनी जो इलाज केला तो शुद्ध महसुली होता. त्यांनी तारेला दोऱ्याने एक खूण बांधली, पिस्टन माथ्याच्या बराच अलीकडे असताना, म्हणजे जेथे तो चांगला हलतो तेथे, चाकावर खडूने रेघ मारली, माथा ओलांडून पिस्टन पलीकडे तितकाच खाली उतरला तेथे दुसरी रेघ मारली आणि दोन्ही रेघांचा मध्य काढला. शिरोबिंदू शोधावा लागत नाही, तो भागाकाराने मिळतो. “हद्दीचा दगड मधोमध पुरायचा असेल,” ते म्हणाले, “तर मधोमध उभे राहून काही दिसत नसते.” किराणा दुकानदार यावर बराच वेळ गप्प होता, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

इंजिन फिरवण्याचीही एक रीत आहे आणि तीही लोक पाळत नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, प्लग काढून, चौथा गियर टाकून मागचे चाक हाताने फिरवावे, आणि नेहमी पुढेच फिरवावे. खूण थोडी हुकून पुढे गेली तर चाक तितकेच मागे आणण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण चेनमध्ये, गियरच्या दातांत आणि पॉइंटच्या कॅमपर्यंत जाणाऱ्या सगळ्या साखळीत थोडीथोडी ढील असते आणि मागे फिरताना ती सगळी ढील खोटी साक्ष देऊ लागते. हुकले तर बरेच मागे न्यावे आणि पुन्हा पुढून यावे. शिवाय पॉइंटचा कॅम इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. डबी एक अंश सरकवली की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. हे ज्याला माहीत नाही तो डबीला आपुलकीने चापट मारतो आणि गाडी शिरवळास लागते किंवा थेट सायनला.

पॉइंट नेमके केव्हा उघडले हे डोळ्यांनी कळत नाही. पतंगाच्या कागदाची एक चिंधी टिकल्यांमध्ये धरून हलक्या हाताने ओढत राहावी. ज्या क्षणी ती सुटते, तो क्षण. ही परंपरागत पद्धत चांगली आहे, फक्त ओढणाऱ्याची उत्कंठा अधिक असेल तर कागद आधीच फाटतो आणि टायमिंगऐवजी कागदाची मजबुती कळते. पण बुलेटच्या मालकाजवळ याहून निःपक्षपाती साक्षीदार असतो आणि त्याला कोणी विचारीत नाही: तो म्हणजे हेडलाइटवरचा अँपिअर मीटर. चावी लावून चाक फिरवू लागावे; पॉइंट मिटलेले असतील तर काटा उण्याकडे झुकतो, उघडताच तो टुणकन मध्यावर येतो. त्या काट्याला ना किराणा दुकान ना राजकारण. वर्षानुवर्षे हाच काटा पाहून जाणकार लोक किक मारीत आले आहेत: काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच दाबावयाची, दाबाची कळ ओढून थोडी आणखी पुढे न्यावयाची, कळ सोडावयाची, आणि मग एक सणसणीत किक.

खूण आणि काटा यांचा मेळ बसला. आता नट आवळावयाचे राहिले. टायमिंगच्या सर्व चुकांपैकी जी चूक मला सर्वाधिक प्रिय आहे ती येथे घडते. सगळे काही केसाच्या अंतराने जुळलेले असते, सभा श्वास रोखून असते, मेस्त्री स्क्रू आवळतो, आणि स्क्रूबरोबर खालची पट्टीही, कोणाच्या लक्षात न येता, किंचित फिरते. स्क्रू जितका जोरात आवळावा तितकी ती अधिक फिरते. म्हणजे काम पक्के करण्याच्या कृतीनेच ते बिघडते, आणि पक्के झाले म्हणून झाकण लावले जाते. मेस्त्रींनी झाकण लावावयास उचललेही होते. भाऊसाहेबांनी त्यांचा हात धरला, चाक पुन्हा फिरवावयास लावले, आणि काटा खुणेच्या बराच अलीकडे उडाला. “सही झाली म्हणजे नोंद झाली असे नाही मेस्त्री, नक्कल काढून पाहावी लागते.” दुसऱ्या खेपेस त्यांनी आवळताना पट्टी किती सरकते याचा अंदाज घेऊन तितकी आधीच उलट सरकवून ठेवली. हे काही पुस्तकात नाही, पण असावयास हरकत नव्हती.

ठिणगी फार आगाऊ असेल तर काय होते, याचे शिक्षण बुलेट आपल्या मालकाला उजव्या पिंढरीच्या द्वारे देते. किक मारणारा पाय ज्या वेगाने खाली जातो त्याहून अधिक वेगाने वर येतो, आणि नडगीस, घोट्यास किंवा गुडघ्यास त्याचा दाखला मिळतो. परंतु या बाबतीत टू-स्ट्रोक गाड्यांची कर्तबगारी याहून थोर आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा, तिचीच पुढची पिढी येझदी, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत, या सर्व गाड्यांच्या सिलिंडरात व्हॉल्व्ह नसतात, पिस्टनच येता-जाता भिंतीतली दारे उघडतो आणि मिटतो, आणि ही दारे दोन्ही दिशांनी सारखीच उघडतात. म्हणजे इंजिन कोणत्या दिशेने फिरावे, याबद्दल त्याचा स्वतःचा काहीच आग्रह नसतो. अर्धवट किक, त्यात आगाऊ ठिणगी, की पिस्टन माथ्याआधीच माघारी फिरतो आणि इंजिन उलटे सुरू होते. आवाजात थोडी घोगरी छटा सोडल्यास बाहेरून काही कळत नाही. आमच्या आठवडे बाजारात एका दूधवाल्याने अशी सुरू झालेली गाडी पहिल्या गियरात टाकून मोठ्या ऐटीत क्लच सोडला आणि कॅनांसकट तो मागच्या कांदेवाल्याच्या ढिगात गेला. त्यानंतरचा संवाद लेखनिविष्ट करण्याजोगा नाही. मेस्त्रींनी दुसऱ्या दिवशी त्याचा कार्बोरेटर साफ करून दिला.

ठिणगी मागे पडली तर मात्र असे नाट्य होत नाही, आणि म्हणूनच हा दोष अधिक घातक. पायाला मार बसत नाही, गाडी किकेला सौम्य होते, मालक खूश होतो. मिश्रण उशिरा पेटून जळत जळतच बाहेर पडते, त्याची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी नळीला मिळते, नळी निळी पडते, चढावर ताकद राहत नाही आणि पेट्रोल दुप्पट जोमाने खपते. आणि येथे मी मघाशी उल्लेखिलेले प्रेम उपस्थित होते. टायमिंग जरा मागे घेतले की इंजिन बंद न पडता अधिक सावकाश फिरते आणि ‘डुग’ आणि ‘डुग’ यांच्यामध्ये भारदस्त विराम पडतो. या विरामावर जीव ओवाळून टाकणारी तरुण मंडळी मेस्त्रींना “बीट पाहिजे” अशी दरखास्त करतात आणि मेस्त्री डबी किंचित फिरवून ती मंजूर करतात. पुढे गाडी तापते, दम टाकते, आणि तेच तरुण तीच गाडी घेऊन त्याच मेस्त्रींकडे येतात. तेव्हा कोणाला अटक होते, हे सांगावयास नकोच.

न्यायाच्या दृष्टीने हेही कबूल केले पाहिजे की, टायमिंगवरही कधीकधी खोटा आळ येतो. कंडेन्सर गेला तर टिकल्यांमध्ये निळ्या ठिणग्या उडतात, त्या जळून खळगे पडतात आणि कितीही टायमिंग लावले तरी चार दिवसांत मिसिंग सुरू होते. वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या तर ठिणगी सुरू होतानाच पुढे जाऊन बसते. वजने गंजून अडकली तर गाडी सुरू छान होते, पण धावत नाही. कॅम बोटांनी पिळून सोडावा, तो आपण होऊन परत आला पाहिजे. एवढी तपासणी झाकण उघडलेच आहे तर करून घ्यावी.

भाऊसाहेबांची गाडी त्या संध्याकाळी पहिल्या किकेला सुरू झाली आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी ती खंबाटकीला नेऊन आणली. मेस्त्रींनी आपली मजुरी घेताना पावतीवर ‘कार्बोरेटर सर्व्हिस’ असे लिहिले, कारण त्यांच्या छापील पावतीपुस्तकात दुसरा रकाना नव्हता.

तेव्हा ज्यांच्या दारात अशी एखादी पॉइंटची गाडी उभी आहे त्यांना माझी विनंती एवढीच की, ती अडखळू लागल्यास प्रथम उजवीकडची डबी उघडावी, गॅप मोजावी, मग टायमिंग पाहावे, स्क्रू आवळल्यानंतर पुन्हा पाहावे, आणि एवढे करून गाडी सुधारली नाही तरच मागे कार्बोरेटरकडे वळावे. फिलर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळते.